कोणत्या गावाच्या हद्दीत?
शेजारी राष्ट्रांच्या न्यायकार्याविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रभाग : अनुवाद २१:१-९, लूक १८:१-८, मत्तय २७:२४
मुखपाठ वचन : मीखा ६:८



दोन गावांच्या शिवेवर एखादे प्रेत सापडले की पहिला प्रश्न काय निघतो हे सीमेवरच्या गावांतून राहणाऱ्यांना सांगायला नको. मनुष्य कोण होता, त्याची बायकामुले कोठे आहेत, हे प्रश्न मागाहून येतात. आधी विचारतात, "हद्द कोणाची?" या चौकीचे लोक ओढ्याच्या त्या अंगाला बोट दाखवतात, त्या चौकीचे या अंगाला. दरम्यान ऊन चढत जाते आणि प्रेत तेथेच पडून राहते. आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा लागू झाला, त्याच्या १७३व्या कलमाने सांगितले आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याने त्याची खबर नोंदवून घ्यावी. कायद्याला हे मुद्दाम सांगावे लागले, यावरूनच "हद्द कोणाची?" या प्रश्नामागे दडून बसण्याची सवय किती जुनी आहे ते कळते.

मोशेच्या नियमशास्त्रात या सवयीवर एक उपाय सांगितला आहे. तो आपण फारसा वाचत नाही, आणि त्यावर उपदेशही क्वचितच ऐकू येतो. या महिन्याच्या पाठात आपण तो पाहू, आणि आपल्या काळात काही शेजारी राष्ट्रांनी त्याच वाटेने जाण्याचा कसा यत्न केला, त्यात त्यांना कोठे यश आले व कोठे ती अडखळली, हेही पाहू.

शास्त्रभागाचा अर्थ

रानात एक मनुष्य मारलेला आढळतो. मारणारा कोण ते ठाऊक नाही. अशा वेळी वडिलांनी व न्यायाधीशांनी घराबाहेर पडावे आणि प्रेतापासून सभोवारच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे, अशी आज्ञा आहे. जे नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी एक कालवड घ्यावी. तिला कधी जुवाला जुंपलेले नसावे. तिला वाहत्या ओढ्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात न्यावे आणि तेथे तिची मान मोडावी. लेवी वंशातले याजकही तेथे यावेत. मग वडिलांनी तिच्यावर हात धुवावेत, हे रक्त आपण पाडले नाही व पाडताना पाहिलेही नाही असे परमेश्वरासमोर सांगावे, आणि क्षमा मागावी.

यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, अंतर मोजणे. "हे आमचे नव्हे" असे घरात बसून ठरवता येत नाही, दोरी घेऊन रानात जावे लागते. दुसरी, जवळच्याने जबाबदारी उचलणे. त्या नगराने खून केला असे कोणी म्हणत नाही, तरी खर्च व श्रम त्यालाच करावे लागतात, कारण ते जवळ आहे. तिसरी, हात धुणे. हे सर्वांत कठीण आहे, कारण ते देवासमोर खरे बोलून करायचे आहे.

आता या तीन पायऱ्या मनात धरून आपण पश्चिम आफ्रिकेकडे वळू. तेथील १५ देशांनी २८ मे १९७५ रोजी नायजेरियातील लागोस येथे एक करार करून आर्थिक संघ स्थापला. त्याला 'एकोवास' म्हणतात. हेतू व्यापाराचा होता. परंतु लायबेरिया व सिएरा लिओन येथील यादवी युद्धांनी या देशांना शिकवले की शेजारच्या घराला आग लागली असता आपल्या दुकानाचे हिशेब करीत बसता येत नाही. म्हणून डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी डाकार येथे लोकशाही व सुशासन यांविषयी एक करारपत्र केले. सत्ता निवडणुकीनेच मिळवावी, घटनेविरुद्ध मिळवलेली सत्ता मान्य करू नये, निवडणुकीपूर्वीच्या सहा महिन्यांत बहुसंख्य राजकीय पक्षांच्या संमतीवाचून निवडणूक कायद्यात मोठा फेरबदल करू नये, अशी कलमे त्यात आहेत. एका देशाचा कारभार हा शेजाऱ्यांच्याही काळजीचा विषय आहे, असे या सरकारांनी स्वतःच्या सहीने मान्य केले.

१. अंतर मोजणे

मध्य आफ्रिकेतील चाड या देशावर १९८२ ते १९९० पर्यंत हिस्सेन हाब्रे याची सत्ता होती. त्याच्या तुरुंगांत व छळछावण्यांत सुमारे ४०,००० माणसे मेली असावीत, असा अंदाज चाडच्याच चौकशी आयोगाने पुढे केला. १९९०च्या डिसेंबरात सत्ता गेल्यावर हाब्रे पळाला व सेनेगलची राजधानी डाकार येथे सुखाने राहू लागला.

त्याच्या तुरुंगात सुलेमान गेंगेंग नावाचा एक हिशेबनीस दोन वर्षांहून अधिक काळ खितपत पडला होता. कोठडीत सोबतचे लोक मरताना पाहून त्याने देवासमोर शपथ वाहिली की जिवंत सुटलो तर न्यायासाठी झटेन. सुटल्यावर त्याने पीडितांना एकत्र केले व शेकडो जणांच्या हकिकती लिहून ठेवल्या. २०००च्या जानेवारीत ही माणसे डाकारच्या न्यायालयात गेली. आरंभी आरोप ठेवला गेला, पण पुढे सेनेगलच्या न्यायालयांनी सांगितले की गुन्हे परदेशात घडले आहेत, ते आमच्या अधिकारात येत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच, "हद्द आमची नाही."

परंतु अंतर मोजण्याचे काम थांबले नाही. २००६ साली आफ्रिकन राष्ट्रसंघाने सेनेगलला सांगितले की हा खटला तुम्ही आफ्रिकेच्या नावाने चालवा. तरीही वर्षे गेली. २०१०च्या नोव्हेंबरात एकोवासच्या न्यायालयाने म्हटले की यासाठी खास आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे न्यायासन हवे. २०१२च्या जुलैत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निर्णय दिला की सेनेगलने एक तर खटला चालवावा, नाही तर आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या हवाली करावे. त्याच वर्षी सेनेगल व आफ्रिकन राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन सेनेगलच्याच न्यायव्यवस्थेत खास न्यायासने उभी राहिली. खटल्याचे मुख्य न्यायाधीश बुर्किना फासो देशाचे होते. ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली, आणि २०१७च्या एप्रिलात अपिलातही ती कायम राहिली. २०२१च्या ऑगस्टात तो मरण पावला.

हाब्रेची सत्ता गेल्यापासून निकालापर्यंत पंचवीस वर्षे लोटली. नुकसानभरपाईला तर त्याहून उशीर झाला. तरी मारलेल्यांचे रक्त कोणाच्या हद्दीत पडले याला अखेर उत्तर मिळाले. ते आफ्रिकेच्या हद्दीत पडले होते.

२. विधवेसाठी दार

प्रभू येशूने सांगितलेला विधवेचा दाखला आपण प्रार्थनेविषयी शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण ती विधवा ज्या दाराशी जाते ते न्यायाधीशाचे दार आहे, आणि तिच्या गावात ते एकच आहे. त्या दारातला मनुष्य देवाला भीत नाही व माणसाला जुमानत नाही. अशा वेळी तिने आणखी कोठे जावे?

नायजर (हा नायजेरियाहून निराळा देश आहे) येथील हादिजातू मानी हिच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. १९९६ साली, ती १२ वर्षांची असताना, २,४०,००० फ्रँकला तिला एका मनुष्याला विकले गेले. ती त्याच्या घरी व शेतात राबली, आणि तिच्या शरीरावरही त्याने मालकी गाजवली. नायजरने २००३ साली गुलामगिरी हा दंडनीय गुन्हा ठरवला होता. २००५ साली त्या मालकाने तिला सुटकेचा कागद दिला, पण ती घर सोडू लागताच तो म्हणाला, ही तर माझी बायको आहे. तिने दुसरे लग्न केले तेव्हा एका पतीच्या हयातीत दुसरे लग्न केल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने तिलाच तुरुंगात पाठवले. विकणारा मोकळा राहिला, विकत घेणाराही मोकळा राहिला, आणि विकली गेलेली आत गेली.

एकोवास संघाचे एक न्यायालय आहे. त्याचे ठाणे नायजेरियातील अबुजा येथे. २००५ साली झालेल्या दुरुस्तीमुळे साध्या नागरिकालाही आपल्या सरकारविरुद्ध तेथे थेट दाद मागता येते. स्वदेशातील सगळी न्यायालये पालथी घालून यावे, अशीही अट नाही. हादिजातू तेथे गेली. तिचे म्हणणे ऐकण्यासाठी न्यायालय नायजरच्या राजधानीत, नियामे येथे येऊन बसले. २७ ऑक्टोबर २००८ रोजी निकाल लागला. तिला गुलामगिरीपासून वाचवण्याचे कर्तव्य नायजरच्या राज्यव्यवस्थेने पाळले नाही असे न्यायालयाने ठरवले, व तिला १ कोटी फ्रँक भरपाई देण्याचा हुकूम केला.

शेजारी सरकारांनी एकत्र येण्याचा लाभ येथे दिसतो. कायदा नायजरमध्येही होता. उणीव होती ती दुसऱ्या दाराची.

येथे आपण आपल्याही प्रदेशाचा विचार करावा. दक्षिण आशियातील सात देशांनी डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे 'सार्क' ही संघटना स्थापली. तिच्या सनदेतच असे ठरले आहे की दोन देशांमधील व वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. आमच्या भागात अशा एखाद्या हादिजातूला आपल्या देशाबाहेर शेजाऱ्यांचे न्यायालय नाही. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्यांना गरीब म्हणून आपण सहसा दयेने पाहतो, त्यांनी आपल्याआधी एक दार उघडले हे ध्यानात यावे, एवढ्यासाठी लिहीत आहोत.

३. जवळच्याने खोऱ्यात उतरणे

गांबिया हा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला चिंचोळा देश आहे. तीन बाजूंना सेनेगल व चौथ्या बाजूला समुद्र. तेथे मत देण्याची रीत मोठी साधी होती. प्रत्येक उमेदवाराचा रंगवलेला पत्र्याचा पिंप असे, आणि मतदार त्यात एक गोटी टाकी. गोटी आत पडली की घंटा वाजे. दोनदा वाजली की लबाडी कळे. १ डिसेंबर २०१६ रोजी या गोट्यांनी अदामा बॅरो यांना निवडून दिले. १९९४च्या लष्करी बंडापासून २२ वर्षे राज्य करणारे याह्या जामे हरले. त्यांनी आधी पराभव मान्य केला, आणि आठवडाभराने शब्द फिरवला.

शेजाऱ्यांनी काय केले? लायबेरियाच्या अध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी, सिएरा लिओनचे अध्यक्ष व घानाचे अध्यक्ष हे १३ डिसेंबरला बांजुल येथे जाऊन जामे यांना भेटले. जामे ऐकेनात. हजारो लोक सीमा ओलांडून सेनेगलमध्ये गेले. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी डाकार येथील गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने एकोवासच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला, आणि सेनेगलसह शेजाऱ्यांचे सैन्य हद्दीत शिरले. मग ते थांबले, व बोलण्यासाठी अखेरची संधी दिली गेली. गिनीचे अध्यक्ष आल्फा काँडे व मॉरिटानियाचे अध्यक्ष यांनी मन वळवल्यावर २१ जानेवारीला जामे देश सोडून गेले. युद्ध पेटले नाही.

यातून आपण शिकावे ते हे की जवळ असणे म्हणजे नुसता शेजार नव्हे, ते एक कर्तव्य आहे. सेनेगलला सर्वांत अधिक झीज सोसावी लागली, कारण त्याची नगरे सर्वांत जवळ होती. २०२४च्या डिसेंबरात जामे यांच्या काळातील गुन्ह्यांसाठी खास न्यायासन स्थापण्यास एकोवासने मान्यता दिली. अंतर मोजण्याचे काम तेथेही पुढे चालले आहे.

४. हात धुणे

येथे पाठ संपला असता तर आम्हांला बरे वाटले असते. पण तिसरी पायरी उरली आहे, आणि नेमके तेथेच पाऊल घसरले.

ज्या आल्फा काँडे यांनी जामे यांना सत्ता सोडायला सांगितले, त्यांनीच २०२० साली आपल्या देशाची घटना बदलून तिसऱ्यांदा अध्यक्षपद घेतले. त्याच वर्षी कोत दिव्हार येथेही अध्यक्षांनी तिसरी मुदत मिळवली. अध्यक्षाने दोनच मुदती राहावे असा नियम सर्व देशांसाठी करावा, अशी सूचना २०१५ साली एकोवासपुढे आली होती. ती मान्य झाली नाही. आता हा संघ गप्प राहिला. आफ्रिकन राष्ट्रसंघाने हाब्रेच्या खटल्याचा ठराव २००६ साली केला, तो जामे यांच्याच राजधानीत भरलेल्या बैठकीत, हेही विसरता येत नाही.

मग बंडे सुरू झाली. मालीत २०२० व २०२१ साली, गिनीत २०२१ साली (तेथे काँडे यांनाच पदच्युत केले गेले), बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा, आणि २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये. एकोवासने नायजरच्या सीमा बंद केल्या व व्यवहार गोठवले, नायजेरियाने वीज तोडली, सैन्य पाठवण्याची धमकी दिली गेली. याचा भार सेनाधिकाऱ्यांपेक्षा बाजारात धान्य व औषध शोधणाऱ्या गरिबांवर अधिक पडला. २०२४च्या फेब्रुवारीत बहुतेक निर्बंध उठवले गेले, पण तोवर मन तुटले होते. २९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो व नायजर हे तीन देश संघातून बाहेर पडले. ज्या दाराने हादिजातू न्यायाला पोहोचली, ते दार नायजरच्या पुढच्या हादिजातूला आता उरले नाही.

असे का झाले? कारणे पुष्कळ आहेत. सहारा वाळवंटाच्या कडेने चाललेली सशस्त्र टोळ्यांची हिंसा, दारिद्र्य, परक्या सत्तांविषयी राग, ही सर्व खरी आहेत. पण शास्त्राच्या प्रकाशात एक कारण आपल्याला विशेष दिसते. वडिलांनी हात धुतले, पण ते हात स्वच्छ नव्हते. सेनापती बंदुकीने सत्ता घेतो तेव्हा ओरडायचे, आणि अध्यक्ष घटना वाकवून सत्ता धरून ठेवतो तेव्हा मुकाट राहायचे, हे लोकांनी पाहिले. मग वडिलांच्या शब्दाला वजन उरले नाही.

पवित्र शास्त्रात हात धुण्याचे आणखी एक दृश्य आहे. पिलातानेही पाणी मागवले व लोकांसमोर हात धुतले. अनुवादातील वडील जबाबदारी घेण्यासाठी हात धुतात, पिलात ती झटकण्यासाठी धुतो. पाणी तेच, कृतीही वरवर तीच. फरक एवढाच की वडील रानात चालून गेले होते, आणि पिलात आपल्या आसनापाशीच राहिला.

आपल्या मंडळीसाठी

कोणी म्हणेल, राष्ट्रांच्या करारांशी आमचा काय संबंध? आम्ही तर लहान मंडळीचे सभासद. याला आमचे उत्तर असे.

पहिली गोष्ट, आपल्या मंडळीतही वडील आहेत, निवडणुका आहेत, मुदती आहेत, घटना आहे. कमिटीवर एकदा बसलेला मनुष्य घटनेतली मुदत संपल्यावरही उठत नसेल, वार्षिक सभा वर्षामागून वर्षे पुढे ढकलली जात असेल, हिशेब वाचून दाखवला जात नसेल, तर बांजुलच्या राजवाड्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?

दुसरी गोष्ट, दुसऱ्या दाराची. स्थानिक कमिटीने एखाद्या विधवेचे म्हणणे ऐकले नाही, तर तिने पुढे कोठे जावे हे तिला कोणी सांगितले आहे काय? बहुतेक चर्चसंस्थांत वरिष्ठ सभेकडे दाद मागण्याची सोय असते. ती कागदावर राहते, कारण जी बहीण असे करील तिला "घरचे भांडण वेशीवर नेले" म्हणून दूषण देतात. प्रेषित पौलाने कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११), त्याला कोणी भांडखोर म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, याजकांची. पाचव्या वचनाप्रमाणे याजकही त्या खोऱ्यात गेले. न्यायाचे काम सरकारचे व प्रार्थनेचे काम मंडळीचे, अशी वाटणी तेथे नाही. उपासनेत सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थना करताना नावे घेऊन करावी. नायजर, माली, गांबिया ही नावे मुलांच्या तोंडी येऊ द्यावीत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

आवारात खडूने पाच वर्तुळे काढावीत, ती पाच नगरे. प्रत्येकात तीन-चार मुले उभी करावीत. मध्ये एक उशी किंवा पोते ठेवावे. मुलांनी स्वतः सुतळीने अंतर मोजावे. सर्वांत जवळची मुले बहुधा म्हणतील, "पण आम्ही काही केले नाही!" तेथेच थांबावे आणि विचारावे, "मग देवाने तुम्हालाच का बोलावले?" उत्तराची घाई करू नये.

मोठ्या मुलांसाठी व प्रौढांच्या वर्गासाठी प्रश्न :

१. हादिजातूच्या देशात गुलामगिरीविरुद्ध कायदा होता. तरी तिला न्याय का मिळाला नाही?
२. गांबियात सैन्य हद्दीत शिरल्यावर थांबले, हे बरे झाले की वाईट? का?
३. निर्बंधांमुळे गरीब भरडले गेले. अन्यायी सत्तेला विरोध करताना गरिबाची भाकरी कशी राखावी?
४. वडिलांचे हात धुणे आणि पिलाताचे हात धुणे यांत तुमच्या शब्दांत फरक सांगा.
५. आपल्या घरापासून सर्वांत जवळ कोणावर अन्याय होत आहे? अंतर मोजून सांगा.

समारोप

प्रिय वाचकहो, शेजारच्या रानात कोणी पडले आहे हे कळल्यावर आपल्या हातात दोनच गोष्टी असू शकतात, मोजायची दोरी किंवा हात झटकायचे पाणी. आपला प्रभू नगराच्या वेशीबाहेर मारला गेला (इब्री १३:१२). तो कोणाच्या हद्दीत मेला असे विचारले, तर आपल्यापैकी प्रत्येकाला आपले अंतर मोजावे लागेल.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू पित्या, राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना एकमेकांच्या दुर्बलांची काळजी वाहण्याची बुद्धी दे. ज्यांनी दार उघडले त्यांना ते उघडे ठेवण्याचे धैर्य दे. ज्यांचे दार बंद झाले त्यांच्यासाठी दुसरे उघड. आणि आमचे हात आधी तू धू, मग आम्हांला रानात पाठव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.